वेळेआधीचं गाणं

सिल्वेर गोफिनेने गेल्या वीस वर्षांत वीरमोंच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता, आणि एकही गोल पाहिला नव्हता. तो कापो होता. गोलच्या मागे उभ्याने सामना बघायचा जो स्टँड, ज्याला सगळं गाव कोप म्हणतं, त्याच्या पायथ्याशी एक लोखंडी मचाण आहे. कापोने त्यावर चढायचं, मैदानाकडे पाठ करायची, हातात भोंगा घ्यायचा आणि समोरच्या आठशे माणसांकडून गाणी म्हणवून घ्यायची. कापो वळून सामना बघायला लागला की गाणं पडतं, म्हणून वळायचं नाही. मागे काय चाललंय ते समोरच्या चेहऱ्यांवर वाचायचं. डोळे मोठे झाले की चेंडू आपल्या पोरांकडे आहे, हात डोक्यावर गेले की गोलच्या बाहेरून गेला, आणि सगळे एकदम गप्प झाले की काय झालं ते विचारायची गरजच नाही. यंदा सगळे बरेचदा गप्प झाले होते.

"लेका, सिनेमाला जाऊन पडद्याकडे पाठ करून बसणारा तू एकटाच," असं आनिसे त्याला चिडवायचा. आनिसे लांबियोत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी गावच्या लोखंडाच्या ओतशाळेत एकाच भट्टीवर घाम गाळला आणि ओतशाळा बंद झाली त्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसून बिअर प्यायले. तेव्हापासून गावात नदी उरली, चर्च उरलं आणि एत्वाल उरला. एत्वाल म्हणजे गावाचा फुटबॉल क्लब. कुणी म्हणतात यंदा एत्वालचं नशीब फुटकं होतं. नशिबाला कशाला बोल लावायचा, बचावफळी फुटकी होती.

आता मोसमाचा शेवटचा सामना होता आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. हरून खालच्या विभागात गेलं तर पगारी खेळाडू ठेवता येणार नाहीत, एकेक जण निघून जाईल, आणि पुन्हा वर चढणं सिल्वेरच्या हयातीत होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. जिंकलो तर तगलो. बरोबरी झाली तर मात्र गुणतक्त्यात आपल्या मागे-पुढे असलेल्या साल्बेर क्लबने त्याच वेळी दुसरीकडे हरायला हवं. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी सुरू करतात, कुणी दुसऱ्याचा निकाल बघून खेळू नये म्हणून. बघून खेळता येत नसेल, ऐकता मात्र येतं. मैदान भरलं की मोबाइलचं नेटवर्क पार झोपतं, म्हणून आनिसे आपला जुना ट्रान्झिस्टर घेऊन दुसऱ्या रांगेत, मचाणाच्या अगदी समोर उभा होता.

सामन्याआधी खेळाडू अंग मोकळं करत होते तेव्हा ब्रीस दुमे पळत जाळीपाशी आला. ब्रीस कर्णधार. डाव्या बगलेचा बचावपटू, चौतिशी गाठलेला, एक गुडघा कायम पट्टीत.

"सिल्वेर, साल्बेर हरतंय असं कळलं तर आम्हाला कळव. प्रशिक्षक बाकावरून काय ओरडतो ते या टोकाला ऐकूच येत नाही."

"कसं कळवू? चिठ्ठी टाकू?"

"घणाचं गाणं म्हण. ते ऐकलं की मी समजतो."

"ते उगाच म्हणत नाहीत, ब्रीस."

"म्हणूनच तर सांगतोय," ब्रीस म्हणाला आणि पळाला.

घणाचं गाणं हे ओतशाळेतलं, पाळी सुटताना म्हणायचं. क्लबने ते कधी उचललं ते कुणाला आठवत नाही, पण नियम शेंबड्या पोरालाही पाठ आहे: मोसमात एकदाच म्हणायचं, आणि तेही आपण तगलो हे पक्कं झाल्यावर. त्याआधी कुणी नुसतं गुणगुणलं तरी शेजारचा त्याच्या पाठीत रट्टा घालतो. मागच्या वर्षी ते एप्रिलमध्येच झालं होतं. यंदा मे संपत आला तरी ते कुणाच्या ओठांवर आलं नव्हतं.

पहिला अर्धा भाग कसाबसा निभावला. दोन्हीकडे शून्य. दुसऱ्या भागात निळ्या जर्सीवाले पाहुणे चढून यायला लागले. सिल्वेर ते चेहऱ्यांवर वाचत होता: डोळे बारीक, जबडे आवळलेले, नोएमीचा ढोल एकेक ठोका उशिरा पडतोय. नोएमी गावातल्या बेकरीत काम करते आणि ढोल असा वाजवते की पाव भाजणारी बाई तीच का असा प्रश्न पडावा. आज तिचेही हात जड झाले होते.

"पोरी, झोप लागली का?" सिल्वेर भोंग्यातून ओरडला.

"तू वळून बघ एकदा, म्हाताऱ्या! मग कळेल हात का चालत नाहीत ते!"

तो वळला नाही. गाणं पडत चाललं होतं. वरच्या रांगा गप्प, मधल्या रांगा नखं खातायत, फक्त खालचे शंभरेक जण रेटतायत. मागे धपकन चेंडू अडवल्याचा आवाज आला, समोर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.  यांना काहीतरी द्यायला हवं, नाहीतर ही माणसंही खचतील आणि मागचे अकरा खेळाडूही खचतील, एवढंच सिल्वेरच्या डोक्यात घोळत होतं.

आणि आनिसेने उडी मारली.

ट्रान्झिस्टर कानाला, तोंड उघडं, डोळे असे चमकलेले की भट्टीचं दार उघडावं. शेजारचे दोघं त्याच्या गळ्यात पडले. "गोल! साल्बेरला गोल बसला!" हे शब्द रांगेरांगेतून वर चढताना सिल्वेरला दिसले. त्याच्या जिवात जीव आला. आनिसेने मोकळा हात वर केला होता, पंजा उघडा. सिल्वेरला वाटलं, आनंदाने. तो पुढे एक क्षणही थांबला नाही. त्याने भोंग्याच्या बुडाने मचाणाच्या कठड्यावर तीनदा ठण ठण ठण केलं. त्या तीन ठोक्यांनी कुठलं गाणं सुरू होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

आधी सगळे चपापले. मग नोएमीने ढोलावर घाव घातला आणि आठशे माणसांनी असा आवाज काढला की पत्रे थरथरले. वर्षभराचा कोंडलेला आवाज होता तो. बायका रडायला लागल्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोलायला लागली. हिरवे-काळे झेंडे उघडले, कुणीतरी धुराची कांडी पेटवली. सिल्वेर हात हलवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मागे काय चाललंय तेही त्याला चेहऱ्यांवरून कळत होतं: गोलकीपर चेंडू पोटाशी धरून सावकाश उठतोय, कुणीतरी गवतावर लोळून पाय धरतोय, ब्रीस चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन अडून उभा राहिलाय. वेळ काढतायत. शाबास पोरांनो, काढा वेळ, बरोबरी पुरे आहे!

या सगळ्या आनंदात एकच चेहरा जुळत नव्हता.

आनिसे पांढराफटक पडला होता. त्याचा हात अजूनही वर होता, पंजा उघडा, आणि आता तो हात डावीकडे-उजवीकडे जोरजोराने हलत होता. ओठ काहीतरी म्हणत होते, पण गाण्यात काही ऐकू येत नव्हतं. तो माणसांना ढकलत, शिव्या खात, खाली आला आणि मचाणाची शिडी चढून सिल्वेरच्या कानात ओरडला:

"दिला नाही! ऑफसाइड! गोल दिलाच नाही! मी थांब म्हणत होतो ना गाढवा!"

सिल्वेरने भोंगा तोंडापासून बाजूला केला.

"कधी?"

"लगेच! रेडिओवाला बोंबलला, मी उडी मारली, आणि लगेच तो म्हणाला पंचाचं निशाण वर आहे! तिकडे अजून शून्यच!"

म्हणजे बरोबरी पुरत नव्हती. म्हणजे मागे अकरा माणसं खालच्या विभागात जायला वेळ काढत होती, मोठ्या समाधानाने, आणि ते समाधान त्यांना सिल्वेरने दिलं होतं.

त्याने दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले. कापोने असं केलं की कोपने थांबायचं. खालच्या दोन रांगा थांबल्या. वर धूर, झेंडे, आणि वर्षभराचा आनंद. तिथे कुणाला हात दिसणार? गाणं दुप्पट जोराने पुन्हा पहिल्या ओळीवर आलं. त्याने भोंग्यात "थांबा" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडून पाहिलं. लोकांना वाटलं म्हातारा खूश झालाय. त्यांनी त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या.

"बाकावरच्यांना माहीत आहे का?" त्याने आनिसेला विचारलं.

आनिसेला मैदान दिसत होतं. "प्रशिक्षक वेड्यासारखा उड्या मारतोय. हातवारे करतोय. पोरांना वाटतंय तोही नाचतोय."

सिल्वेर शिडीवरून अर्धा उतरला, अर्धा पडला. त्याने नोएमीच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या.

"अरे! वेडा झालास का?"

"गोल दिला नाही, पोरी. आपण बुडतोय."

नोएमीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने ढोलाच्या कातड्यावर दोन्ही तळहात दाबून धरले. ठेका गेला. गाणं काही क्षण लंगडत चाललं, मग मधल्या रांगांत फाटलं, मग वरच्या रांगेतले एकटे पडलेले पाच-सहा आवाज शरमून थांबले. मैदानावर कुणीतरी चादर टाकावी तशी शांतता पसरली. आणि त्या शांततेत दूरच्या बाकापासून एक फाटका, बसलेला आवाज आला. बिचारा किती वेळ ओरडत होता कोण जाणे.

"पुढे! पुढे जा, मूर्खांनो! जिंकायला हवं! पुढे!"

सिल्वेर पुन्हा मचाणावर चढला. या खेपेला त्याने मागे वळून पाहिलं नाही ते नियमासाठी नव्हे, त्याची हिंमत होत नव्हती. समोर आठशे चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता आणि उत्तर देणारा तोच होता.

"चूक माझी आहे," तो भोंग्यात म्हणाला. "मागाहून हवं ते बोला मला. आत्ता गळा द्या."

त्यांनी दिला. गाणं वगैरे नव्हतं ते, नुसतं "पुढे! पुढे!" होतं, पण ते रेटून होतं. चेहरे वाचायला सोपे झाले होते. डोळे मोठे होत होते. गोलकीपर चेंडू हातात न ठेवता भिरकावत होता. ब्रीस, तो चौतिशीचा लंगडा घोडा, बगलेवरून वर धावत होता. कॉर्नर मिळाला. आणखी एक. आनिसे ट्रान्झिस्टर छातीशी धरून पुटपुटत होता, "तिकडे संपला. शून्य-शून्य. साल्बेर हरलं नाही. आपल्याला गोलच हवा."

"किती राहिलं?"

"विचारू नकोस."

मग समोरचे आठशे चेहरे एकदम वर उचलले गेले, तोंडं उघडली, पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळेच मिटून घेतले, आणि सिल्वेरला पाठीमागे आवाज ऐकू आला. जाळीचा नव्हे. लोखंडाचा. चेंडू आडव्या दांडीवर आदळला होता. आठशे जोडी हात डोक्यावर गेले.

त्यानंतर सामना संपल्याची शिट्टी वाजली.

 मग वरून एक प्लॅस्टिकचा ग्लास आला, उरलेल्या बिअरसकट, आणि मचाणाच्या पायाशी पडला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "गाणं म्हण की आता!" असं ओरडलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. सिल्वेर शिडी उतरून जाळीपाशी गेला. मैदानावर एत्वालची पोरं जिथे होती तिथेच आडवी झाली होती. एकटा ब्रीस पाय ओढत त्याच्याकडे येत होता. तो थुंकेल, शिव्या देईल, काय करेल ते करू दे, असं सिल्वेरला मनापासून वाटत होतं.

"ते गाणं मी सुरू केलं," सिल्वेरने आधीच सांगून टाकलं. "आनिसेने नाही, पोरांनी नाही. तो थांब म्हणत होता. मी घाई केली. तुमची दहा मिनिटं मी खाल्ली, ब्रीस."

"खाल्लीस," ब्रीस म्हणाला. त्याने बोटं जाळीत अडकवली आणि कपाळ तारेला टेकवलं.  "दहा मिनिटं तू खाल्लीस. बाकी अख्खं वर्ष आम्ही खाल्लं. आता भांडून काय करू?"

"भांड. मला बरं वाटेल."

ब्रीसने मागे आपल्या पोरांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या पोरांना सांगू नकोस. मी त्या कोपऱ्यात चेंडू अडवून उभा होतो. अंगावर दोन माणसं, पोटऱ्यांवर लाथा बसतायत, आणि वरून ते गाणं. गुडघा दुखायचा थांबला रे. ऑगस्टपासून पहिल्यांदा मला खेळायला मजा आली." त्याने जाळीतली बोटं आवळली. "दहा मिनिटं आपण तगलो होतो, सिल्वेर."

 भोंगा सिल्वेरच्या हातातून निसटून गवतावर पडला. त्याने तारेतून ब्रीसची दोन बोटं घट्ट धरली आणि कुणाचीही लाज न बाळगता, आठशे माणसांकडे पाठ करून, मोठ्याने रडला.