तळ्याच्या वळणाचा रस्ता

“टायरांची चांगली जोडी नेहमी पुढे लावायची, सायमी. गाडी ओढतात पुढचीच चाकं. मागची काय, येतात फरफटत.”

दर हिवाळ्याच्या तोंडाशी टायर बदलायच्या वेळी माझे यजमान एवर्ट हे सांगायचे. यंदा सांगायला ते नव्हते. सकाळची प्रार्थना आटोपून मी माझी गाडी आर्मासच्या टायर-दुकानात नेली. माझ्या शेजारी माझी लेक इर्या, दिवस भरत आलेली. जावई रेनडिअरच्या कळपामागे डोंगरात, आणि बाळंतपणाचं इस्पितळ थेट दूरच्या रोवानिएमी शहरात. “वेळ आली की मी नेईन,” असा शब्द मी तिला दिला होता.

रात्री पहिला बर्फ पडला होता, त्यामुळे अख्खं गाव रांगेत.

“काल ऊन होतं तेव्हा माश्या मारत बसलो होतो,” आर्मास ओरडत होता. “आज बर्फ दिसला नि सगळ्यांना चाकं आठवली!”

“तू कॉफी पाज, म्हणजे उद्या बर्फ नसतानाही येऊ,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

आमची पाळी आली. जुन्यांपैकी दोन टायरांचे बर्फावर पकड देणारे खिळे झिजून गेले होते.

“खिळ्यांचे तुमच्या मापाचे दोनच उरलेत, वहिनी. बिनखिळ्यांचे मात्र चारही नवे मिळतील.”

मी रस्त्याकडे पाहिलं. आता बर्फ दिवसा वितळणार, संध्याकाळी गोठणार. वर पाणी, खाली काच. कडाक्याची थंडी पडली असती तर बिनखिळ्यांचे चालले असते.

“खिळ्यांचेच दे.”

“आणि नवे पुढे लावा हं, काका,” बाकावर टेकलेली इर्या म्हणाली. “बाबांची पद्धत.”

आर्मासने हातातला पाना खाली ठेवला आणि मला गाडीमागे बोलावलं.

“वहिनी, नवे मागे लावू द्या.”

“का?”

“नवे पुढे असले की पुढची चाकं धरतात, मागची सुटतात. वळणावर गाडी गर्रकन फिरते.” तो फडक्याला हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी. “मलाही हे उशिरा कळलं. गेल्या वर्षी एवर्टचे नवे मीच बसवले होते. त्यानं सांगितले तसे.”

गेल्या हिवाळ्यात अपघातात एवर्ट गेले. तळ्याच्या वळणावर त्यांची गाडी सापडली, तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं. ते तर घरून निघाले होते. काही विसरलं म्हणून परत फिरले असतील, असं मी इतके दिवस मनाला सांगत आले होते.

“मागे लाव,” मी म्हणाले.

“आई! बाबांचं एवढंही ऐकायचं नाही?” इर्याचा आवाज चढला. रांगेतली डोकी वळली.

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं तोंडातून निघेना.

“गाडी मी चालवणार आहे, इर्या.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आर्मासकडे. त्याने मान खाली घातली होती.

“बाबांच्या गाडीला… पुढेच होते ना?”

“हो,” आर्मास म्हणाला.

तिने पोटावर हात ठेवला.

नवे खिळे रबरात नीट बसेपर्यंत गाडी हळूच हाकावी लागते. म्हणून मी रोज प्रार्थनाघरापर्यंत जाऊन येत होते. ना जोरात ब्रेक, ना घाई. तळ्यापलीकडे आपल्या घरी असलेली इर्या त्या दिवसापासून फोनवर कामापुरतंच बोलायची. बापाला दोष दिला म्हणून रागावली होती, की स्वतःच रडत होती, मला कळत नव्हतं. मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी घरीच प्रार्थनेला उभी होते, तेव्हा तिचा फोन आला.

“आई, सुरू झालंय.” आणि थोडं थांबून, “तळ्याच्या वळणावर सावकाश ये हं.”

“येते गं.”

उरलेली प्रार्थना मी कोट चढवता चढवता पुरी केली. काचेवरचा बर्फ खरवडला, मागच्या सीटवर लोकरीचं पांघरूण अंथरलं, आणि गाडी हळूहळू फाटकाबाहेर काढली.