सालासकट

थोरलीची सगळी मेहनत आज पणाला लागली होती. बाबांना हृदयविकाराचा झटका आल्यापासून तिने एकच ध्यास घेतला होता: काळ्या द्राक्षांतल्या द्रव्यांनी रक्तवाहिनी सैल पडते का, ते पाहायचं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तर बजावलंच होतं, "आज काही दिसलं नाही तर हा विषय बंद."

काचेच्या नळीत, कोमट द्रावणात, उंदराच्या धमनीचं इवलंसं कडं दोन तारांवर ताणून बसवलं होतं. ते सैल पडलं की पडद्यावरची रेघ खाली यायची. थोरलीने द्राक्षांचा रस सोडला. रेघ ढिम्म! पुन्हा सोडला. रेघेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मोठ्या बाईंनी बाटली उजेडात धरली. "काळ्या द्राक्षांचा रस इतका फिका?"

थोरली ताडकन उठली. इथला मिक्सर बिघडला म्हणून द्राक्षं घरी बाबांनी वाटून दिली होती, आणि बाबांना कुठल्याही कामात माया कालवल्याशिवाय चैन पडत नाही! तिने फोन लावला.

"बाबा, द्राक्षांची सालं?"

"काढली की! लहानपणापासून तुझ्या घशात अडकतात ना."

"अहो, मी कुठे पिणार होते तो रस! फेकलीत?"

"छे, कुंडीत घालायला ठेवलीत."

"तशीच घेऊन या, टॅक्सीने! आणि जिना नको, लिफ्टने या!"

बाबा डबा पोटाशी धरून हजर झाले. सालं वाटली, गाळली. गर्द जांभळा रस निघाला. थोरलीने थेंब सोडले. रेघ थबकली, घसरली, घसरतच गेली!

"पडली, बाबा, पडली!" ती नाचायचीच बाकी होती. मोठ्या बाईंनी दुसरं कडं लावायला सांगितलं. तिथेही तेच.

"विषय चालू ठेव," बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

"मग माझ्या गोळ्या बंद?" बाबांनी हळूच विचारलं.

"मुळीच नाही! हा उंदराच्या धमनीचा तुकडा आहे, तुम्ही अख्खे आहात. अजून पुष्कळ तपासायचंय."

घरी आल्यावर बाबांनी सवयीने द्राक्ष सोललं आणि गर तिच्यापुढे धरला. मग हातातल्या सालाकडे बघून ओशाळले. "इतकी वर्षं कामाचं तेवढं टाकत आलो गं."

थोरलीने तो गर त्यांनाच भरवला, घडातलं एक द्राक्ष तोडलं आणि सालासकट तोंडात टाकलं. ते तिच्या घशाखाली उतरेपर्यंत बाबा पाण्याचा पेला हातात घेऊन उभे होते.