वायर तोडलेला लाल दिवा

मित्रांनो, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा, लाल काचेचा दिवा म्हणजे मी. नांदूरघाटच्या रामकिसनरावांच्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये, स्टिअरिंगच्या पलीकडे माझी जागा. इंजिनातल्या ऑइलचा दाब कमी झाला की पेटायचे, एवढे एकच काम मला नेमून दिलेले होते.

चाळीस वर्षे मी ते केले. मी पेटलो की रामकिसनराव गाडी रस्त्याच्या कडेला घेत, डिकीतला डबा काढून ऑइल ओतत आणि मगच पुढे निघत. एकदा लग्नाला उशीर झाला म्हणून पाहुणे कुरकुरले, तेव्हा त्यांच्या पत्नी छबुबाई म्हणाल्या, "दिव्यानं सांगितलंय नव्हं? मग थांबायचं." मला फार बरे वाटले होते.

पुढे रामकिसनरावांचे गुडघे गेले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे, विजयसिंहकडे आली. त्याचाही गाडीवर जीव होता. बीडला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती. तिच्यासाठी त्याने सतीश नावाच्या इलेक्ट्रिशियनकडून नवे मीटर बसवून घेतले. काळी काच, तिच्यावर निळे आकडे. जुने काटे पोत्यात गेले. मला तेवढे शोभेसाठी जागेवर ठेवले. पण इंजिन थकले होते, ऑइल गळत होते, आणि मी सारखा पेटत होतो.

"हा दिवा बंद कर. लोक इचारतेत," विजयसिंह म्हणाला.

"साहेब, दिवा खोटं न्हाई बोलत. आदी इंजन दाखवा," सतीश म्हणाला. "नव्या मीटरला ऑइलचा सेन्सर लागतो, त्यो यायला आठ दिस लागतेत."

"मिरवणूक रविवारी हाय. तवर नव्या मीटरवरलं 'ऑइल ठीक'चं हिरवं चिन्ह कायम पेटतं ठेव. नंतर आणतो मी गाडी."

सतीशने ते हिरवे चिन्ह थेट चावीच्या वायरला जोडले. मग त्याने माझी वायर तोडली.

मिरवणुकीत पोरापोरींनी निळ्या आकड्यांसोबत फोटो काढले. घरी आल्यावर रामकिसनरावांनी विचारले, "ह्यो नवा मीटर ऑइलचं सांगतो का रं?"

"सांगतो, दादा."

विजयसिंह पुन्हा सतीशकडे गेलाच नाही.

मित्रांनो, चैत्रातल्या एका दुपारी छबुबाईंच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स लांब होती, गाडी दारात होती. विजयसिंहने गाडी बीडच्या रस्त्याला घातली. मागे रामकिसनराव पत्नीचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. काही अंतर गेल्यावर इंजिनाचा आवाज बदलला. आतून कोरडी टकटक येऊ लागली.

"विजू, आवाज येतोय. ऑइल बघ."

"हिरवं हाय, दादा."

हे बोलताना त्याचा चेहरा पांढरा पडला. मी त्याच्या समोरच होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेही. डिकीत डबा होता, काम दोन मिनिटांचे होते. पण थांबला असता तर वडिलांना सारे सांगावे लागले असते. त्याने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही.

मांजरसुंब्याच्या अलीकडे इंजिन जाम झाले. उन्हात विजयसिंह रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभा राहिला. अर्ध्या तासाने कांद्याचा एक टेम्पो थांबला. छबुबाईंना त्यात निजवून ते गेले. दवाखाना दिसू लागला तेव्हा त्या गेलेल्या होत्या, हे मला गाडी ओढून घरी आणल्यावर समजले.

तेराव्यानंतर विजयसिंह एकटाच गाडीत येऊन बसला. माझी तुटलेली वायर त्याने हातानेच जोडली आणि चावी फिरवली. इंजिन मेलेले होते, पण बॅटरीत जीव होता. मी पेटलो.

काठी टेकत रामकिसनराव गाडीच्या दाराशी आले. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिले.

"त्या दिशी ह्यो कावून पेटला न्हाई?"

"मी वायर तोडायला लावली होती, दादा."

रामकिसनराव तसेच वळले आणि घरात गेले. त्या दिवसापासून दोघे एका घरात राहतात, एका पंगतीला जेवतात. पण बापाने लेकाला हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे दिवे डोळ्यांना खुपतात, हे मला ठाऊक आहे. तरी आम्हाला पेटू द्या. आणि घाईत कधी एखादी वायर तोडलीच असेल, तर घरच्यांना त्याच दिवशी सांगा. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तेवढे सोसता येते.