लॅव्हेटरीची चावी

हे तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही, लावा पैज! आनंदराव गेल्यावर त्याच्या जलदानाच्या विधीला, जेवणं उरकल्यावर मांडवात टेकलेल्या पंधरा-वीस जणांना मी असंच बजावलं आणि सुरू झालो.

सदुसष्ट साल. आमच्या सरकारी हापिसात मी चपराशी, आनंदराव नवा क्लार्क; त्याच्या बौद्ध वस्तीतला पहिलाच. हापिसामागे संडासाची दोन दारं. एकावर पाटी ‘लॅव्हेटरी’. ती बाबूलोकांची, आत फरशी, नळ, साबणाची वडी, दाराला कुलूप. दुसऱ्यावर ‘लॅट्रिन’. ती चपराशांची, आत टोपली आणि माशा. आनंदराव क्लार्क असूनही बडेबाबूंनी त्याला टोपलीचं दार दाखवलं. तो तिकडे फिरकला नाही. मे महिन्यातसुद्धा हापिसात पाण्याचा घोट घेत नसे.

एके दिवशी जाडजूड डिक्शनरी घेऊन तो बडेबाबूंच्या टेबलापुढे उभा राहिला. “साहेब, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. दोन्हीचा अर्थ धुण्याची जागा.”

बडेबाबू पान चघळत म्हणाले, “शब्द असतील गा एका घरचे. माणसं नाहीत न.”

“मंग?” मांडवात माझ्या शेजारी टेकलेल्या बापूजींनी विचारलं.

“मंग काय! दुसऱ्या दिवशी हापिस उघडायच्या आधी म्या पाट्या अन् कुलूप, दोन्हीची अदलाबदल केली. आठ दिवस बडेबाबू टोपलीवर बसून राहिले! बाहेर येऊन म्हणत, ‘लॅव्हेटरी ते लॅव्हेटरी, हवा कशी खेळून राहिली!’ पाटी पाहिली का त्यायले वासच येत नव्हता. नवव्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब आले, आत गेले अन् चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर पहिला हुकूम काय? आनंदरावले चावी द्या!”

मांडव हसला. आनंदरावाची बायको सिंधूताई, तिनंही तोंडाला पदर लावला. ताटं उचलणारी त्यांची मुलगी प्रेमिला मात्र उभीच राहिली.

“खोटं,” ती म्हणाली. “बाबा चौदा वर्षं रोज दुपारी सायकल हाणत घरी येत. त्याच्यासाठीच. पाणी न पिऊन किडन्या गेल्या त्यांच्या.”

“अवं पोरी, गंमत करून राहिलो...”

“अन् चावी तर तुमच्याच कमरेले राहायची न, कवडूकाका? बाबांनी एकदा हात जोडून मागितली होती, तुम्ही नाही दिली. तुम्ही काय म्हटलं त्यायले, ते सांगा न सगळ्यांले.”