पंचवीस मिनिटांत सांगली

आमच्या जोतिबानगरात एसटी येणार, ही बातमी मी स्वतः सहाही गल्ल्यांत फिरून सांगितली. एरवी गुडघ्यांचं निमित्त सांगून हळदीकुंकवालाही न जाणारी मी, त्या दिवशी दारोदार थांबले. सांगायचा मान दुसऱ्या कुणाला का देऊ? तीन वर्षं अर्ज मी लिहिले होते.

जोतिबानगर म्हणजे सांगलीच्या कडेचा ऊस काढून पाडलेले प्लॉट. घरं झाली, घरांवर मजले चढले, पण काळ्या मातीचा रस्ता गेल्या वर्षी कुठे डांबरी झाला. रिक्षावाले अजूनही फाट्यावरच उतरवतात. तिथून घर दीड किलोमीटर. म्हणून सांगलीत जायचं तर आमच्या ह्यांची मोटारसायकल. हे म्हणजे सयाजीराव, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. नऊला निघायचं ठरलं की पावणेनऊलाच हॉर्न वाजवतात. दुकानात मी एक साडी उलगडली की दारातून विचारतात, "झालं का?" माणूस वाईट नाही, पण तीस वर्षं मी ह्यांच्या पाठीआडून सांगली बघितलीय. मला एकदा कुणाला न विचारता, कुणी खोळंबलंय ही धास्ती न घेता बाजारात जायचं होतं. बाकी काही नाही.

आगारातल्या साहेबांनी अट घातली होती. सोमवारी एक चाचणी फेरी. नऊला देवळापासून निघून पंचवीस मिनिटांत स्टँडवर पोचली, तर गाडी रोज सुरू. नाही पोचली, तर वेळापत्रकात बसत नाही. "मग पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते तीन वर्षांत मला चांगलंच कळलं होतं.

अट मी सगळ्यांना सांगितली. वर आणखी हेही सांगितलं की गाडीचं स्वागत नीट झालं पाहिजे. इथंच माझी अक्कल गहाण पडली. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला तरी नारळ फुटतो. ही तर एसटी. त्यातून गणपतीच्या मिरवणुकीपासून गल्ल्यांचं एकमेकींशी पटत नाही. सगळ्यांचा मिळून एक नारळ हे शक्यच नव्हतं. सहा गल्ल्या, सहा नारळ, सहा आरतीची ताटं.

सोमवारी नऊला दहा कमी असताना लाल गाडी फाट्यावरून वळली आणि माझ्या अंगावर काटा आला. पोरं गाडीपुढे पळत होती, कुत्री पोरांमागे. मी हार घातला, नारळ फोडला, आमच्या पहिल्या गल्लीचं सगळं नऊच्या आत. कंडक्टर शिवांजली, आटपाडीकडची पोरगी, हसून म्हणाली, "या मंगलकाकू, पुढची शीट तुमची." पलीकडच्या सीटवर साहेब घड्याळ बघत बसलेले. बरोब्बर नऊला घंटी वाजली. मी खिडकीशी बसून उगाचच हसत होते.

दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी बायका ताट-तांब्या घेऊन उभ्या. चाकावर पाणी, कुंकू, मग ड्रायव्हरला ओवाळणं. तोही लाजत लाजत कपाळ पुढे करत होता. तिसऱ्या गल्लीत चाकाखाली ठेवायची लिंबं आणायला कुणीतरी घरी पळालं. मी साहेबांकडे बघायचंच सोडून दिलं.

चौथ्या गल्लीत हरणाबाई. मेंढरांमागे जन्म काढलेली, आता लेकाच्या बंगल्यात राहणारी ऐंशीची म्हातारी. ती रस्त्याच्या मधोमध आली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाली आणि ओंजळभर भंडारा समोरच्या काचेवर उधळला. काच पिवळीधमक. ड्रायव्हरने सवयीने पाणी मारून वायपर फिरवला. कोरडी हळद फडक्याने झटकली असती तर गेली असती. ओलीचा असा काही लेप बसला की समोरचं काही म्हणजे काही दिसेना.

कुणाचा टॉवेल, कुणाचा पटका, शेवटी माझा पदर. काच पुसून होईतो नऊ वाजून अकरा मिनिटं झाली. आणि पुढे पाचवी आणि सहावी गल्ली ताटं घेऊन तयार!

माझं डोकं फिरलं. मी दारात उभी राहून ओरडले, "ओवाळायचं आसंल तर गाडीत या! आता कुनी बी गाडी आडवायची न्हाई. तिकीट काढा आन् आत बसून ओवाळा!"

"आवं पर ताटं?" एकीने विचारलं.

"ताटाला तिकीट न्हाई!" शिवांजली आतून ओरडली.

मग काय! हरणाबाईला दोघींनी उचलूनच आत घेतलं. पाचवी गल्ली चढली, सहावी चढली. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका मांडीला मांडी लावून बसल्या. साहेब पहिल्यांदाच बोलले, "आधी ती निरांजनं विझवा!" हरणाबाईने उरलेला भंडारा त्यांच्याच कपाळाला फासला.

फाटा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडी सुसाट निघाली. दोनच मिनिटं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावून गाणी. आमचा हॉर्न त्याला ऐकू जाईना. हरणाबाई खिडकीतून अर्धी बाहेर आली. "आरं ए बाबा, बाजूला घे की! आमची गाडी चाललीया!" तिच्यामागे चाळीस बायका ओरडल्या. ट्रॅक्टरवाला असा दचकला की थेट साइडपट्टीवर गेला. गाडीत टाळ्या, शिट्ट्यासुद्धा. शिट्टी मीच मारली, हे ह्यांना सांगायचं नाही.

स्टँडवर गाडी थांबली. कुणी उतरेना. सगळ्या साहेबांच्या मनगटाकडे बघत होत्या.

"सव्वीस," साहेब म्हणाले.

एका मिनिटासाठी! हरणाबाईने पुढे होऊन विचारलं, "सायेब, नव्या नवरीला रोज ववाळत्यात व्हय?"

"नाही."

"मग? उद्यापास्नं कोन आडवतंय तुमाला?"

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खच्चून भरलेल्या गाडीकडे. कपाळावरचा भंडारा पुसला आणि हसून वहीत लिहिलं. "उद्यापासून रोज," म्हणाले. "आज परतीची पावणेअकराला."

गाडीत जो गलका उठला, तो चालू असतानाच माझा फोन वाजला. हे.

"पोचली का? थांब तितंच, न्यायला येतो."

"येऊ नका," मी म्हणाले. "पावणेअकराची गाडी हाय. तवर मला बाजार बघायचाय."

पलटणीतला माणूस, पण ऑर्डर सोडली नाही. हळू आवाजात म्हणाले, "बरं. येताना माज्या बीपीच्या गोळ्या आनशील का?"

तीस वर्षांत ह्यांनी मला गावातून काही आणायला सांगितलं नव्हतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

"आनीन की," मी म्हणाले. "पर वाट बघत बसू नका. मी सावकाश फिरनार हाय."