रेंज येणाऱ्या खिडकीखाली

हे सारे घडले २०१९ साली, पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत. मित्रांनो, मी तिथले फणसाच्या लाकडाचे जुने बाकडे.

तुडीलच्या सुताराने मला घडवले. पहिली काही वर्षे मी महाडच्या एसटी स्टँडजवळ, चहाच्या हॉटेलात काढली. संशय घ्यायला मी तिथेच शिकले. तिथे जो तो पिशवी पायांत धरून शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाही. हॉटेल बंद झाले तेव्हा या वाडीतल्या कमळाबाईंच्या यजमानांनी मला टेम्पोत घालून वाडीवर आणले. त्यांच्या ओटीवर दर रविवारी चार-पाच ख्रिस्ती घरे प्रार्थनेला जमत. "याच्यावर आता प्रभूची माणसं बसतील," असे यजमान म्हणाले. मला फार मोठेपण वाटले.

पुढे यजमान गेले आणि मोबाईल आले. साऱ्या वाडीत रेंज येई ती फक्त माझ्या वरच्या खिडकीत. रविवारी माझ्यावर बसायला झुंबड उडू लागली. गीत सुरू झाले की मी सावध होई. वाडीतल्या पोरांपैकी ओम डोळे मिटून बसे, पण त्याचा अंगठा चालूच. राजू तर आमेनसुद्धा वेळेआधीच म्हणे. यांना देव हवा की रेंज? मला कोणाचाच भरवसा वाटेना. कमळाबाईंनाही वाटेना. त्या समोर बसून माझ्याकडेच पाहत राहत.

त्यांचा सर्वांत जास्त संशय चंद्रभागाबाईंवर. यांचा मुलगा किशोर मुंबईला. या सर्वांआधी येऊन खिडकीखालची जागा धरत आणि पदराआड मोबाईल घट्ट आवळून बसत. पदराआड काय चालते, ते मलाही दिसत नसे.

ईस्टरच्या रविवारी महाडहून पाळक आले. प्रभुभोजनाचे, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटायच्या भाकरीचे ताट घेऊन ते चंद्रभागाबाईंपुढे थांबले, तोच कमळाबाई उठल्या.

"तिला देऊ नका, पाळकसाहेब. ती रेंजसाठी येते. तिचं ध्यान मोबाईलात हाय."

ती भाकर नाकारली जाणे म्हणजे मंडळीतून उठवल्यासारखेच. चंद्रभागाबाईंनी पदर बाजूला केला. मोबाईल बंद होता.

"पोराचा फोन येतो या टायमाला. म्हणून बंद करून हातात धरते. घरी ठेवला तर जीव तिकडंच ऱ्हातो. प्रार्थना झाली का मीच लावते त्याला."

"मग खिडकीतच कशाला गो बसायचं?"

"वयनी, गुडघे वाकतात का माझे? खाली बसले तर उठवायला तू येशील? तुझ्या ओटीवर बाकडं एकच हाय!"

राजू फसकन हसला.

"आन माझं ध्यान मोबाईलात, तर तुझं कुठं हाय? आल्यापास्नं माझ्या पदराकडं बघतेस तू."

पाळकांनी ताट खाली ठेवले. "तुमचं दोघींचं मिटेपर्यंत मी थांबतो," एवढेच ते म्हणाले.

मग "सरक रे," असे ओमला म्हणून कमळाबाई चंद्रभागाबाईंना खेटून माझ्यावर बसल्या. दोघींनी भाकर घेतली आणि डोळे मिटले. कमळाबाईंचे डोळे प्रार्थनेत मिटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पुढे वाडीवर टॉवर झाला, रेंज घरोघर आली. राजू महाडला कारखान्यात लागला, रविवारी फिरकत नाही. ओम प्रार्थनेला अजून येतो. कशासाठी येतो, देव जाणे. पाळकांची बदली झाली. किशोरने आईला डोंबिवलीला नेले, तिथल्या मंडळीत त्या जातात म्हणे. कमळाबाई गेल्या वर्षी प्रभूकडे गेल्या. रेंजसाठी माझी गरज उरली नाही, म्हणून मी आता पडवीत आहे, माझ्यावर भाताच्या गोण्या आहेत.

मित्रांनो, प्रार्थनेला बसताना मोबाईल बंद करा, हे मोठी माणसे तुम्हाला सांगतीलच. शेजारचा काय करतो ते पाहणेही बंद करा, एवढे मात्र मी सांगते. आणि एखादे बाकडे गोण्यांखालून मोकळे करता आले, तर करा. रविवारी कुणीतरी म्हातारी उभी असेल.