मागची सीट

"काका, डाव्या कुशीवर वळा. आता श्वास सोडून होल्ड करा," माझ्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवत निवेदिता म्हणाली. ती मूळची नागपूरची, मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत संशोधन करते. लांब पल्ल्याच्या सायकलिंगनं हृदयाचं काय होतं, हा तिचा विषय. मी आदल्या दिवशीच सायकलनं चारशे किलोमीटर करून आलो होतो.

"राइट साइड फुगलीये. पंपिंगही जरा कमी आहे. दमलंय, एवढंच. आठवड्यात होईल पूर्वीसारखं."

२००६ मध्येही ती हेच म्हणाली होती. तेव्हा शेजारच्या खुर्चीत उल्का, माझी बायको, बसली होती. आमची सायकल टँडेम, दोघांनी मिळून चालवायची. मी पुढे, ती मागे. आठवड्यानं तिचं हृदय ठीक निघालं, माझं अजून सुस्त होतं.

"अहो, पुढे बसून नुसतं हँडल धरता, पॅडल मी मारते. तरी तुम्हीच दमता?"

या जानेवारीत उल्का गेली. लोक विचारतात, सायकलिंगनं हार्टला काही झालं का? नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. हृदय मजबूत, म्हणून जायला वेळ लागला.

यंदा मागे माझा मित्र श्रीकांत होता. त्याला दिसत नाही. खड्डा आला की मी ओरडायचं.

"चढाचंही आधी सांग," तो म्हणाला होता. "शिव्या तयार ठेवतो."

माझ्यानंतर त्याचा स्कॅन झाला. पलंगावरून उतरताना तो गुडघे धरून थांबला.

"सीट खाली होती का?" निवेदितानं विचारलं.

"थोडी."

श्रीकांत सहा फुटी. सीट उल्काच्या उंचीची. मी ती हलवली नव्हती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"वहिनींची सीट आहे ना. बसायला दिलीस, तेच पुष्कळ."

पुढच्या सोमवारी दोघांचीही हृदयं पूर्वीसारखी निघाली.

"मग पुढच्या महिन्यात सहाशे?" श्रीकांत म्हणाला.

"आणि तुझे गुडघे?"

"ते तुझ्या हातात."

घरी शेडमध्ये मी पाना घेतला. बोल्ट गच्च बसला होता. सैल केला, सीट वर ओढली. श्रीकांतनं बसून पाहिलं.

"अजून."

पुन्हा ओढली.

"बस, आता पाय सरळ होतो."

बोल्ट आवळला. सीटच्या दांड्यावर जुन्या जागी एक काळपट रेघ पडली होती. ती आता फ्रेमच्या चार बोटं वर आली होती. मी फडक्यानं दांडा पुसला. रेघ तशीच राहिली.